आकड्यानं अब्बांचा उजवा हात सोडून द्यायचा का?

तारकाम_मिरज (धागाकर्ती)

माझे अब्बा मिरजेत सतारी बनवतात. ४० वर्षं झाली. पंढरपूरकडून येणारे भोपळे निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. जवारी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनं आणि पॉलिशपेपरनं इतका हलका घासायचा, की छेडलेली तार त्यावर टेकत टेकत गुंजत राहील. केसभर जास्त घासलं गेलं की आवाज बसतो, मग सगळं पहिल्यापासून. हे काम कानाचं आणि उजव्या हाताचं.

जानेवारीत त्यांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली. पहिल्या आठवड्यात हाताची फुगल-मायर चाचणी झाली. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हालचालींना मिळून त्यात ६६ गुण असतात, अब्बांना १४ मिळाले. आम्ही व्यायामासाठी जिथं नेत होतो तिथल्या कॉम्प्युटरनं वय, गुण आणि स्कॅनची माहिती घेऊन एक कागद दिला. त्यावर होतं: ३ महिन्यांनी अपेक्षित गुण २२. इतकंच. दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताचा वेळ ४५ मिनिटांवरून १५ वर आला. उरलेला वेळ डाव्या हातानं जेवायला, लिहायला शिकवण्यात जाऊ लागला. माणसं चांगली होती, बोलणंही अदबीचं. "हात तेवढाच येणार आहे, वेळ कामाच्या जागी घालू," असं म्हणाले.

भावानं आणि मी घरी धरून ठेवलं. दुपारी आणि रात्री, कारखान्यातल्या खुंट्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायच्या, ओला पंचा पिळायचा, लाकडाच्या फळीवर हात पुढं-मागं सरकवायचा. पाचव्या महिन्यात परत मोजले तर गुण २९. शर्टाचं बटण अजून लागत नाही. पण कानस अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरतात.

माझं म्हणणं असं: शरीराचं गणित मांडून व्यायाम किती द्यायचा, कुठं द्यायचा हे ठरवा. पण कुठला हात सोडून द्यायचा हे त्या गणितावर ठरवू नका. ज्यांना यातलं कळतं त्यांनी स्पष्ट लिहावं. विरोधात लिहिलंत तरी राग नाही.

फिजिओ_विश्रामबाग

ताई, मी विरोधातच लिहितोय. ११ वर्षं सांगलीत काम करतोय. आमच्याकडं ३ थेरपिस्ट आणि दिवसाला ३५-४० पेशंट. प्रत्येकाच्या प्रत्येक अवयवाला ४५ मिनिटं द्यायची म्हटली तर दिवसाचे तास दुप्पट करावे लागतील. म्हणजे निवड होतेच. तुम्ही मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरचा हा हिशेब, काढून टाकलंत तरी निवड राहणार, फक्त ती आमच्या अंदाजानं होणार.

तो अंदाज कसा असायचा तेही सांगतो. ज्याची लेक दारात उभी राहून प्रश्न विचारते त्याला १० मिनिटं जास्त मिळायची. जतकडच्या एखाद्या ७५ वर्षांच्या आजी, मुलगा सोडून परत रानात गेलेला, त्या गप्प पडून असायच्या आणि त्यांचा वेळ सगळ्यात आधी कापला जायचा. हे मी स्वतः केलंय. सूत्राला दारात कोण उभं आहे ते कळत नाही, आणि मला तो त्याचा मोठा गुण वाटतो.

आणि सगळीच मॉडेलं पेटीत बंद नसतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांच्या गटानं २०१७ मध्ये मांडलेली पद्धत बघा. स्ट्रोकनंतर ३ दिवसांच्या आत खांदा बाजूला उचलायला सांगायचा आणि बोटं उघडायला सांगायची. दोन्हीला ० ते ५ ताकद द्यायची. बेरीज ५ किंवा जास्त आली तर हात चांगला येण्याची शक्यता मोठी. त्याहून कमी आली तरच पुढं चुंबकी यंत्रानं मेंदूपासून हातापर्यंत संदेश पोचतो का ते बघायचं. हाताचं ३ महिन्यांनंतरचं भाकीत ४ पैकी साधारण ३ जणांत बरोबर येतं. त्याच गटाच्या आधीच्या आवृत्तीवर काम केल्यावर पेशंटचा मुक्काम सुमारे आठवड्यानं कमी झाला होता. आठवडाभराचा मुक्काम म्हणजे आपल्याकडं घरातल्या एका माणसाची आठवड्याची मजुरी.

२२ आणि २९ मधल्या ७ गुणांबद्दल: मोजणारा बदलला तरी काही गुण इकडंतिकडं होतात. शिवाय भाकीत ३ महिन्यांचं होतं, तुम्ही मोजलंत पाचव्यात. डावा हात शिकवला त्यात अपमान नाही हो. माणसाला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं जेवायचं असतं.

सदिश

अभियांत्रिकीला गणित शिकवतो, वैद्यकाचा माणूस नाही. पण कागदावर एकच आकडा होता हे वाचून राहवलं नाही.

हाताच्या सुधारणेचं सगळ्यात गाजलेलं सूत्र २००८ सालचं आहे. जेवढे गुण गेलेत त्याच्या सुमारे ७० टक्के ३ ते ६ महिन्यांत परत येतात, असं ते सांगतं. म्हणजे सुरुवातीला २६ गुण असतील तर गेलेले ४०, परत येणार २८, शेवटी ५४. फार जास्त मार बसलेले काही पेशंट या रेषेवर बसत नव्हते, त्यांना वेगळं काढलं गेलं. नातं इतकं घट्ट दिसत होतं की जणू निसर्गाचा नियमच सापडला. मग २०१९ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की त्या घट्टपणातला बराच भाग हिशेबाच्या पद्धतीतूनच येतो.

घरी करून बघता येईल. ल्युडोचे दोन फासे घ्या, एक लाल, एक निळा. लाल म्हणजे उपचाराआधीचे गुण, निळा म्हणजे नंतरचे. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. आता प्रत्येक वेळी 'सुधारणा' काढा, निळ्यातून लाल वजा. लालवर १ पडला तर ६ पैकी ५ वेळा सुधारणाच दिसेल. लालवर ६ पडला तर सुधारणा कधीच दिसणार नाही. शंभरेक वेळा टाकून लाल आणि सुधारणा यांचा सहसंबंध काढलात तर तो उणे ०.७ च्या आसपास येतो (एक वाढला की दुसरा घटतो, याचं हे माप; उणे १ म्हणजे अगदी पक्कं नातं). म्हणजे नुसत्या फाशांमधून 'नियम' निघाला! कारण सुधारणेच्या आकड्यात लाल फासा आधीच लपलेला आहे. आणि चाचणीला ६६ चं छत आहे, त्यामुळे शेवटचे गुण एकमेकांजवळ गोळा होतात आणि खोटं नातं आणखी घट्ट होतं.

अब्बांच्या कागदामागं हेच सूत्र होतं असं मी म्हणत नाही. पण २२ च्या शेजारी 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके' हे लिहिलेलं नसेल तर तो कागद अर्धा आहे. १५ ते ३५ असं लिहिलं असतं तर कुणी वेळ कापला असता का?

फिजिओ_विश्रामबाग

सर, फाशांचं उदाहरण मी आमच्या मुलांना दाखवणार आहे. पण त्यातून नातं दिसतं तेवढं घट्ट नाही इतकंच सिद्ध होतं. हलका मार बसलेला हात बराच परत येतो आणि पूर्ण लुळा पडलेला बहुतेक वेळा येत नाही, हे वॉर्डात रोज दिसतं. पल्ला लिहायला हवा होता हे मान्य.

द्राक्षवाला_तासगाव

मी हाताचा न्हाई, काळजाचा पेशंट. माझं ऐका.

वय ६२. गेल्या दिवाळीनंतर बायपास झाली. नाडी हळू ठेवायची गोळी चालू हाय, बीटा ब्लॉकर म्हणतात ती. घरी आल्यावर एका ठिकाणी चालायच्या पट्ट्यावर व्यायाम लावला. तिथल्या पोरानं भिंतीवरच्या तक्त्याकडं बघून हिशेब केला: २२० वजा वय ६२, म्हणजे जास्तीत जास्त नाडी १५८. बसल्या जागी माझी नाडी ५८. फरक १००, त्याचे ६० टक्के ६०, अधिक ५८. "काका, ११८ ला ठेवायची." तक्त्यात चूक न्हाई, वजाबाकी बरोबर.

पट्टा वाढवत गेला. ११० च्या पुढं माझ्या कपाळाला गार घाम आला, छातीवर कुणीतरी हळदीचं पोतं ठेवावं तसं झालं. मी लाल बटण दाबून खाली बसलो. मंडळी बाहेर बाकड्यावर बसलेली, तिनं काचेतून बघितलं आणि चप्पल न घालता आत आली. ते मला विसरता येत न्हाई.

पुढं डॉक्टरांनी गोळी चालू ठेवूनच स्ट्रेस टेस्ट घेतली. माझी नाडी जास्तीत जास्त ११८ वर गेली आणि थांबली. म्हणजे पोरानं 'मध्यम' म्हणून जो आकडा काढला, तो माझा शेवट होता! डॉक्टरांनी तोच हिशेब माझ्या आकड्यांवर केला: ११८ वजा ५८ म्हणजे ६०, त्याचे ६० टक्के ३६, अधिक ५८, आलं ९४. आता रोज सकाळी बागेपासून कालव्यापर्यंत ९४ ला चालतो. वर त्यांनी सांगितलंय, चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं तर आकडा काहीही असू दे, थांबायचं.

तर ताई, सूत्र तेच व्हतं. एकदा भिंतीवरचं माप घातलं, एकदा माझं. माझा गणितावर राग न्हाई, पर माप न घेता शिवलेला सदरा घालायला सांगू नका.

सदिश

काका, तुमचं उदाहरण दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारं आहे. तुम्ही सांगितलेली फरकाची पद्धत १९५७ पासून कार्व्होनेन यांच्या नावानं चालते, ती चांगली आहे. २२० वजा वय हे १९७१ च्या एका लेखातून पसरलं. आधीच्या काही अभ्यासांमधल्या बिंदूंमधून ढोबळ ओढलेली ती रेषा. निरोगी माणसांतसुद्धा खरा आकडा १०-१२ ठोके सहज वर-खाली असतो. २००१ मध्ये सुधारित सूत्र आलं, २०८ वजा वयाचं ०.७ पट. ते वापरलं असतं तर तुमचा आकडा १५८ ऐवजी १६५ आला असता, म्हणजे आणखी वाईट. चांगलं सूत्र आणून उपयोग झाला नसता. सूत्रात गोळीला जागाच नव्हती.

निवृत्त_सिस्टर

३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच मिरजेत. धागाकर्तीचं दुःख कळतं, पण मला तिच्या विरोधात बोलायचं आहे.

आकडा न सांगण्याची किंमत मी पाहिली आहे. कवठेमहांकाळकडचं एक कुटुंब. घरधन्याची डावी बाजू गेलेली, बोटं पूर्ण थंड. कुणी स्पष्ट बोललं नाही. "प्रयत्न सोडू नका" हे मात्र सगळे म्हणाले. ते लोक कोकणात तेल चोळणाऱ्याकडं गेले, मग कर्नाटकात कुणी झाडपाला देतो त्याच्याकडं, मग भाड्यानं यंत्र आणलं. आठ महिने. दोन म्हशी विकल्या, मुलीचं कॉलेज थांबलं. बोटं हलली नाहीत. आणि त्या माणसाला वाटत राहिलं की आपणच कमी पडतोय, मेहनत कमी होतेय. ड्रेसिंग करताना तो मला म्हणाला होता, "सिस्टर, मी आळशी न्हाई ओ."

पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं की हा हात कामाचा होण्याची शक्यता फार कमी आहे, डाव्या बाजूला आधार देऊन उठायचं-बसायचं कसं ते आधी शिकूया, तर ते घर वाचलं असतं. खरा अंदाज सांगणं ही माझ्या मते दया आहे. तुम्ही तो हिरावून घ्यायला सांगताय.

तारकाम_मिरज

सिस्टर, तुमचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. अंदाज सांगू नये असं माझं म्हणणं नाही, कदाचित मी नीट लिहिलं नाही. सांगा, जरूर सांगा. पण पहिल्या आठवड्यातला अंदाज पाचव्या महिन्यापर्यंत तसाच का चालवायचा? आम्ही सतारीला जवारी लावतो तेव्हा ४ वेळा कानस फिरवली की एकदा तार छेडून ऐकतो. न ऐकता कुणी घासत बसत नाही. अब्बांचा हात मधल्या काळात कुणी परत मोजला नाही. आम्ही आग्रह धरला तेव्हा पाचव्या महिन्यात मोजला.

सदिश

धागाकर्तीच्या मुद्द्यात अजून एक गोष्ट दडली आहे. २२ येणार म्हणून वेळ १५ मिनिटांवर आणला. घरच्यांनी काही केलं नसतं आणि गुण २२ च आले असते, तर सगळे म्हणाले असते, मॉडेल किती अचूक! अशा नोंदी पुढं त्याच मॉडेलला शिकवायला वापरल्या, तर ते आणखी ठामपणे तेच सांगणार. माझा त्या केंद्राला पहिला प्रश्न हा असेल: तुमच्या नोंदींत किती मिनिटं व्यायाम दिला ते लिहिलेलं आहे का?

दुसरं, कुणाच्या शरीरावरून ही मापं घेतली? पायाच्या स्नायूंची २००९ ची गाजलेली मोजणी २१ मृतदेहांवरची आहे, सरासरी वय ८३. ते आकडे जगभर चालण्याच्या मॉडेलांमध्ये गेले. उसाच्या फडात दिवसभर वाकणाऱ्या ३५ वर्षांच्या बाईच्या मांडीला ते कसे लागू होणार?

फिजिओ_विश्रामबाग

अर्धीच बाजू सांगितलीत. ती मापं वापरून २०१६ मध्ये जे पूर्ण शरीराचं मॉडेल आलं, त्यात स्नायूंची जाडी २४ निरोगी तरुणांच्या एमआरआयवरून घेतली आहे. चूक दिसली, दुरुस्त केली. उकिडवं बसणं, मांडी घालणं या आपल्या हालचालींसाठी अजून खूप मोजायचं बाकी आहे, ते काम आपणच करायला हवं. पण म्हणून हातातलं फेकून द्यायचं?

ताई, तुम्हाला एक साधं मॉडेल दाखवतो. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला काठी कुठल्या हातात देतात? दुखऱ्या बाजूच्या हातात असंच सगळ्यांना वाटतं. सांगलीच्या मंडईत बघा, दहा आजोबांपैकी किती जण तशीच धरतात. आता हिशेब करा. माणूस ६० किलोचा. एका पायावर उभा राहिला की त्या पायाचं वजन सोडून साधारण ५० किलो खुब्यावर येतात, आणि तो भार खुब्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आत असतो. कंबर लवंडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचा स्नायू ओढतो, पण त्याची दांडी, म्हणजे खुब्यापासूनचं अंतर, फक्त ५ सेंटिमीटरची. म्हणून त्याला १०० किलोनं ओढावं लागतं. सांध्यावर एकूण १५०. आता काठी विरुद्ध हातात घ्या, खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर, आणि नुसती ६ किलोनं टेकवा. स्नायूला ५२ किलोच ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार ९६ च्या आसपास येतो. ६ किलोच्या दाबानं ५० किलोंहून जास्त भार उतरला. डोळ्यांना हे कधीच दिसलं नसतं. मी हा हिशेब खडूनं फरशीवर काढून दाखवतो, मग आजोबा आपण होऊन हात बदलतात.

द्राक्षवाला_तासगाव

आमच्या आईचा खुबा मागच्या साली झाला. काठी त्याच बाजूला धरते. आज सांगतो.

सदिश

काठीचं गणित मला पूर्ण मान्य. तसंच स्नायूचंही आहे. ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं की स्नायू जितक्या वेगानं आखडतो तितकं त्याचं बळ कमी होतं. तेच समीकरण आजच्या बहुतेक मॉडेलांच्या पोटात आहे. अब्बांना कानस हळू फिरवायला सांगितलं तर त्याच हातातून जास्त बळ मिळेल, असं मला वाटतं.

फिजिओ_विश्रामबाग

इथं मात्र सर, मॉडेलवाला मी असून तुम्हाला थांबवतो. हिलचं समीकरण स्नायूला मेंदूचा हुकूम पोचला आहे असं धरून चालतं. स्ट्रोकमध्ये स्नायू शाबूत असतो, हुकूमच अर्धवट पोचतो. हळू करायला मीही सांगेन, पण कारण वेगळं: हळू केलं की बोटं कशी चुकतायत ते पेशंटला जाणवतं आणि सुधारता येतं.

आणि धागाकर्तीला: दर १५ दिवसांनी परत मोजायला हवं होतं, हे मी मान्य करतो. आमच्याकडंही ते नेहमी होत नाही. मोजायला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कुणाच्या तरी व्यायामातून जातो. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

निवृत्त_सिस्टर

एवढं सगळं झालं. अब्बांना कुणी विचारलं का?

तारकाम_मिरज

नव्हतं विचारलं, सिस्टर. आज दुपारी विचारलं. २२ चा कागद त्यांना पहिल्यांदाच दाखवला. बराच वेळ हातात धरून बसले, डाव्या हातात. मग भावाला तानपुऱ्याची घोडी आणायला सांगितली. भाऊ घासत होता, ते डोळे मिटून तार ऐकत होते. "अजून दोन हात," म्हणाले. दोन हात फिरवल्यावर तार मोकळी झाली, मलासुद्धा कळलं.

मग म्हणाले, जेवायला डावा चालेल मला, त्यांनी शिकवलेलं कामाला आलं. बटणाचं काम लेक करेल. पण कानस मी उजव्यातच धरणार, आणि ती कशी धरतो ते त्यांनी दर पंधरवड्याला बघावं.

उद्या ११ वाजता केंद्रात जाणार आहोत. कानस पिशवीत ठेवली आहे.